चित्रतुरग आणि मातीची गाडी : खेळण्यांच्या छायाचित्रणाचा एक आलेख

१

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या नाटकाला त्याचे नाव एका खेळण्यावरून मिळाले आहे. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या श्रीमंत मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळला आहे. ती गाडी परत गेली, आणि दासी रदनिकेने समजुतीखातर करून दिलेली मातीची गाडी त्याला नकोशी झाली आहे. त्याचे रडणे पाहून वसंतसेना आपल्या अंगावरचे अलंकार उतरवते आणि त्या मातीच्या गाडीत भरते. प्रसंग वात्सल्याचा आहे. परंतु नाटककार तेथे थांबत नाही. हेच अलंकार पुढे न्यायसभेत विदूषकाच्या काखेतून खाली पडतात आणि चारुदत्ताने वसंतसेनेचा खून केल्याचा पुरावा म्हणून पुढे येतात. खेळण्यात ठेवलेली वस्तू खेळाच्या बाहेर आली, तिला कोणी साक्षीला उभे केले, की तिचा अर्थ किती भयंकर रीतीने बदलू शकतो, हे या नाटकाने फार पूर्वी दाखवून ठेवले आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता या नाटकापासून दूरचा आहे. खेळणी, बाहुल्या, भोवरे, कागदी आकृत्या, काड्यापेटीतल्या काड्या अशा क्षुल्लक मानल्या गेलेल्या वस्तूंची छायाचित्रे माणसाने का काढली, आणि ती काढल्यावर त्या वस्तूंचे व त्या पाहणाऱ्यांचे काय झाले, हा तो विषय होय. छायाचित्रणाच्या इतिहासात युद्धांची, दुष्काळांची, राजेमहाराजांची छायाचित्रे मानाने मांडली जातात. खेळण्यांची छायाचित्रे तळटिपेत जातात. तथापि छायाचित्र म्हणजे साक्ष की रचना, या प्रश्नाची सर्वांत कडक परीक्षा याच क्षुल्लक चित्रांनी घेतलेली आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

या परीक्षेसाठी एक उत्तम कसोटी आपल्या काव्यशास्त्रात आहे. भरताच्या रससूत्राचे विवरण करताना श्रीशंकुकाने चित्रतुरगन्याय मांडला. त्याचे मत आपल्याला अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’तून ज्ञात आहे. भिंतीवर रंगवलेला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ असे म्हणतो, तेव्हा आपल्याला होणारी प्रतीती कोणती? ती सम्यक् नव्हे, कारण तेथे घोडा नाही. ती मिथ्या नव्हे, कारण आपण फसलेलो नसतो. ‘घोडा असेल की नसेल’ असा संशयही तेथे नसतो, आणि ‘हे घोड्यासारखे काही आहे’ असे निव्वळ सादृश्यही आपण म्हणत नाही. या चारही प्रतीतींहून वेगळ्या अशा पाचव्या प्रतीतीने प्रेक्षक रंगमंचावरील नटाला राम म्हणून पाहतो, असे शंकुकाचे म्हणणे. लाकडी घोड्यावर बसलेल्या मुलाची प्रतीती नेमकी हीच असते. तो घोड्याला चारा घालतो, पण तो चारा कमी झाला नाही म्हणून चकित होत नाही. प्रश्न असा की, या लाकडी घोड्याचे छायाचित्र काढले की ही पाचवी प्रतीती टिकते का?

२

छायाचित्रण आणि निर्जीव लहान वस्तू यांची मैत्री प्रारंभापासूनची आहे, आणि तिचे पहिले कारण सर्वस्वी तांत्रिक होते. फ्रान्समध्ये दागेरने आपली पद्धती १८३९ मध्ये जाहीर केली, तेव्हा पट्टिकेवर प्रतिमा उमटण्यास मिनिटेच्या मिनिटे लागत. जिवंत माणूस तेवढा वेळ स्थिर राहत नसे. प्लास्टरची मूर्ती राहत असे. म्हणूनच दागेरच्या १८३७ मधील प्रयोगचित्रात आपल्याला प्लास्टरचे मुखवटे व मूर्ती मांडलेल्या दिसतात. इंग्लंडमध्ये टॅल्बटने ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या १८४४ ते १८४६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात चिनी मातीच्या भांड्यांनी भरलेल्या फडताळाचे छायाचित्र दिले, आणि सोबत एक मार्मिक सूचना केली : ही भांडी चोरीस गेली, तर हे चित्र न्यायालयात मूक साक्ष देऊ शकेल. छायाचित्र म्हणजे पुरावा ही कल्पना अशा रीतीने घरातल्या नाजूक चिजांच्या चित्राबरोबरच जन्माला आली.

परंतु अवघ्या पंधरा-वीस वर्षांत पॅरिसमध्ये या कल्पनेची थट्टा सुरू झाली. १८६० च्या सुमारास तेथे ‘दियाब्लरी’ नावाने ओळखली जाणारी द्विनेत्री छायाचित्रे विकली जाऊ लागली. कारागीर टेबलावर मावतील असे मातीचे देखावे घडवीत. त्यांत नरकातील मेजवान्या, सांगाड्यांचे नाच, सैतानाचा दरबार असे प्रसंग असत. त्यांची छायाचित्रे दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने पातळ कागदावर काढली जात. कागद मागून रंगवलेला असे आणि सांगाड्यांच्या डोळ्यांच्या जागी बारीक छिद्रे पाडून त्यांमागे लाल रंग दिलेला असे. द्विनेत्रीत पत्ता घालून उजेडाकडे धरला, की टेबलावरचा नरक खोल आणि जिवंत होई आणि डोळे पेटत. हे सारे तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत घडत होते, आणि त्या नरकातील ऐषआराम कोणाचा, हे पाहणाऱ्यांना सांगावे लागत नसे. लेखणीला जे उघड बोलता येत नव्हते, ते मातीच्या बाहुल्यांनी छायाचित्रातून बोलून दाखवले.

येथे आपल्या विषयातील एक मूलभूत तत्त्व प्रथमच स्पष्ट झाले. कॅमेऱ्याला आकारमान कळत नाही. वीतभर सांगाडा आणि पुरुषभर सांगाडा यांतील भेद डोळा सभोवतालावरून ओळखतो. छायाचित्राची चौकट सभोवताल कापून टाकते. जवळून पाहणाऱ्या भिंगाखाली मात्र एक गोष्ट खेळण्याचे गुपित फोडते. लहान वस्तूच्या अगदी जवळ गेल्यास तिचा थोडाच भाग स्पष्ट येतो व मागचे-पुढचे सारे पुसट होते. म्हणून खेळण्याला खऱ्याचा भास द्यायचा, तर छायाचित्रकार भिंगाचे छिद्र बारीक करतो आणि प्रकाश अधिक वेळ आत घेतो. याच तत्त्वाचा उलटा प्रयोग जपानी छायाचित्रकार नाओकी होंजो यांनी २००६ मधील ‘स्मॉल प्लॅनेट’ या पुस्तकात केला. खऱ्या शहरांची उंचावरून घेतलेली, कडेचा भाग पुसट ठेवलेली ती चित्रे पाहताना खरी माणसेच खेळण्यातली वाटू लागतात. म्हणजे ‘खेळणे’ हा गुण वस्तूत जितका असतो, तितकाच पाहण्याच्या रीतीत असतो.

३

स्थिर खेळण्याला छायाचित्राने खोली दिली. त्याला चालवण्याचे काम चलच्चित्राने केले. एक चौकट टिपायची, वस्तू केसभर हलवायची, पुन्हा एक चौकट टिपायची, अशा या रीतीने सेकंदाला सोळा चौकटींच्या त्या काळातील हिशेबाने एका मिनिटाच्या खेळासाठी जवळजवळ एक हजार वेळा वस्तूला हात लावावा लागे. १९०८ मध्ये इंग्लंडमधील आर्थर मेलबर्न-कूपरने ‘ड्रीम्स ऑफ टॉयलँड’ या चित्रपटात दुकानातून आणलेली खेळणी मुलाच्या स्वप्नात रस्त्यावर वावरताना दाखवली. हे चित्रण उघड्यावर, सूर्यप्रकाशात झाले होते. खेळणी हलवण्यात तास जात, आणि तेवढ्यात सूर्य सरकत असे. म्हणून पडद्यावर खेळण्यांच्या सावल्या वेड्यासारख्या धावताना दिसतात. खेळण्यांची गती खोटी आहे, पण सावल्यांची गती खरी आहे, कारण ती चित्रकाराच्या एका दिवसाच्या श्रमाची नोंद आहे. त्याच वर्षी फ्रान्समध्ये एमिल कोलने काड्यापेटीतल्या काड्यांना नाचवले.

येथे या कथेचा एक धागा आपल्याकडे येतो. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे चित्रपटाकडे येण्यापूर्वी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे व बडोद्याच्या कलाभवनाचे विद्यार्थी, गोध्ऱ्याचे छायाचित्रकार, आणि जादूगार होते; आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून त्यांनी ‘प्रोफेसर केल्फा’ हे नाव घेतले होते. भांडवलदारांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी प्रथम जे चित्रण केले, ते कोणा देवाचे वा राजाचे नव्हते. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे होते. ठरावीक अंतराने एकेक चौकट घेत त्यांनी अंकुराची वाढ टिपली आणि दिवसांची वाढ क्षणांत दाखवली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. पुढे महायुद्ध सुरू होऊन कच्च्या फिल्मची व पैशाची चणचण भासू लागली, त्या काळात फाळक्यांनी काही लहान चित्रपट केले. त्यांत १९१५ मधील ‘आगकाड्यांची मौज’ हा होता. काड्यापेटीतल्या काड्या आपापल्या हलतात, आकृत्या करतात, असा हा खेळ. अभ्यासक त्याचे नाते कोलच्या काड्यांशी जोडतात.

या चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही. ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भाग उरले, ‘कालियामर्दन’ उरला. काड्यांची मौज गेली. हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. पौराणिक चित्रपटाला प्रतिष्ठा होती, खेळाला नव्हती. जे गंभीर, ते जपावे आणि जे गमतीचे, ते विसरावे, ही आपल्या सांस्कृतिक स्मृतीची जुनी सवय आहे. परंतु वाटाणा आणि आगकाडी यांतील नाते लक्षात घेतले, तर फाळक्यांच्या प्रतिभेचे मूळ कोठे आहे, हे उमगते. वाटाण्यात निसर्गाची खरी गती होती आणि काळाचा संक्षेप होता. काडीत गती मुळीच नव्हती आणि ती सर्वस्वी हाताने निर्माण केलेली होती. पहिले विज्ञान, दुसरी जादू. आणि तंत्र दोहोंचे एकच. कालियाच्या फण्यांवर नाचणारा कृष्ण, लंकेवरून उडणारा मारुती यांची तयारी या एकेका चौकटीच्या संयमातून झाली आहे. काड्यांची मौज हरवली, तेव्हा एक गंमतच हरवली असे नव्हे. भारतीय चित्रपटाच्या रियाजाचे एक पान हरवले.

४

फाळक्यांच्या काड्यांनी कोणाला फसवले नाही, कारण फाळके जादूगार होते, आणि जादूगार आपण जादू करीत असल्याचे आधीच सांगतो. जेथे हे सांगणे राहून गेले, तेथे काय झाले, याचे उदाहरण म्हणून यॉर्कशरमधील कॉटिंग्ली या खेड्याकडे पाहावे लागते.

१९१७ च्या उन्हाळ्यात सोळा वर्षांची एल्सी राइट आणि दक्षिण आफ्रिकेहून आलेली तिची नऊ वर्षांची मावसबहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स या दोघी घरामागच्या ओढ्याकाठी खेळत. कपडे भिजवून घेतल्याबद्दल बोलणी बसली, तेव्हा आपण पऱ्या पाहायला जातो, असे उत्तर त्यांनी दिले. मोठ्यांनी चेष्टा केली. म्हणून एल्सीने वडिलांचा कॅमेरा मागून घेतला आणि फ्रान्सिसपुढे नाचणाऱ्या पऱ्यांचे छायाचित्र काढून आणले. पऱ्या कागदाच्या होत्या. ‘प्रिन्सेस मेरीज गिफ्ट बुक’ या १९१४ मधील पुस्तकातील चित्रांवरून एल्सीने त्या काढल्या, पंख जोडले, कापल्या आणि टोपीला लावायच्या टाचण्यांनी झाडोऱ्यात उभ्या केल्या. चित्र झाल्यावर कागद नाहीसे करण्यात आले. येथपर्यंत हा भातुकलीचाच एक प्रकार होता.

दोन वर्षांनी एल्सीच्या आईने ब्रॅडफर्ड येथील थिऑसॉफिस्टांच्या सभेत या चित्रांचा उल्लेख केला, आणि ती चित्रे एडवर्ड गार्डनर यांच्याद्वारे सर आर्थर कॉनन डॉइल यांच्यापर्यंत पोचली. शेरलॉक होम्ससारखा पुराव्याचा पुजारी निर्माण करणारा हा लेखक परलोकविद्येचा उत्साही पुरस्कर्ता होता. तज्ज्ञांना काच दाखवण्यात आली. हॅरल्ड स्नेलिंग या जाणकाराने निर्वाळा दिला की, काचेवर मागाहून हातचलाखी झालेली नाही. कॅमेऱ्यापुढे जे होते, तेच उमटले आहे. हे उत्तर तंतोतंत खरे होते. कॅमेऱ्यापुढे कागदाच्या पऱ्या होत्या, आणि त्याच उमटल्या होत्या. चूक उत्तरात नव्हती, प्रश्नात होती. ‘चित्र खरे आहे काय’ एवढेच विचारले गेले. ‘हे चित्र कशाचे आहे’ हे विचारायचे राहिले. कोडॅक कंपनीने मात्र प्रमाणपत्र देण्याचे नाकारले.

डिसेंबर १९२० च्या ‘स्ट्रँड’ मासिकात कॉनन डॉइलचा लेख या चित्रांसह प्रसिद्ध झाला, आणि १९२२ मध्ये त्यांनी या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. नियतीचा विनोद असा की, ज्या पुस्तकातून पऱ्या उतरवल्या होत्या, त्यात खुद्द कॉनन डॉइल यांचीही एक कथा होती.

या घटनेकडे सामान्यतः भोळेपणाची गंमत म्हणून पाहिले जाते. परंतु तिच्यातील करुण भाग वेगळा आहे. दोन मुलींनी पाचव्या प्रतीतीत केलेला खेळ मोठ्यांनी उचलला आणि सम्यक् प्रतीतीच्या सिंहासनावर बसवला. १९२० मध्ये त्यांच्या हाती नवे कॅमेरे देण्यात आले आणि आणखी चित्रे मागण्यात आली; आता खेळ उरला नव्हता, मागणी होती. एका विख्यात लेखकाने जाहीरपणे आपल्यावर विश्वास टाकला असता त्याला खोटे पाडणे मुलींना शक्य झाले नाही. चित्रे कागदी आकृत्यांची होती, हे त्यांनी १९८३ मध्ये, वार्धक्यात, मान्य केले. तरीही फ्रान्सिसने शेवटचे, पाचवे चित्र खरे असल्याचा आग्रह अखेरपर्यंत सोडला नाही. एका दुपारच्या खेळाने सहासष्ट वर्षांचे मौन मागितले. रोहसेनाच्या गाडीतील अलंकार न्यायसभेत पडले, तेव्हाही असेच घडले होते. खेळात ठेवलेली वस्तू मोठ्यांच्या साक्षीपुराव्याच्या जगात आली, आणि तिने माणसाला गुंतवले.

५

खेळण्याचे छायाचित्र खेळणे म्हणूनच कसे काढावे, याचे दोन आदर्श विसाव्या शतकाने दिले. त्यांपैकी पहिला एका लेखकाचा आहे. जर्मन समीक्षक वाल्टर बेंजामिन डिसेंबर १९२६ मध्ये मॉस्कोला गेला आणि सुमारे दोन महिने तेथे राहिला. त्याच्या रोजनिशीत राजकारण आहे, रंगभूमी आहे, निष्फळ प्रेमाची व्यथा आहे. आणि त्याबरोबरच खेळण्यांचा शोध आहे. निकोलाय बारत्राम यांनी स्थापन केलेल्या खेळण्यांच्या संग्रहालयात तो गेला, आणि तेथील खेळण्यांची छायाचित्रे त्याने करवून घेतली. लाकडी घोडे, मातीच्या बाहुल्या, गवताच्या आकृत्या यांच्या त्या चित्रांच्या मागे त्याने आपल्या बारीक अक्षरांत टिपणे केली. त्यांतील काही चित्रांसह रशियन खेळण्यांवरील त्याचा लेख १९३० मध्ये एका जर्मन नभोवाणी-साप्ताहिकात प्रसिद्ध झाला.

खेळणी विकत मिळत असताना चित्रे कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, खेड्यापाड्यांतील घरगुती कारागिरी कारखान्यापुढे नाहीशी होत आहे, हे बेंजामिनला दिसत होते. जुन्या खेळण्यात ते कसे घडले, हे मुलाला दिसते; लाकूड लाकडासारखे, गवत गवतासारखे राहते. कारखान्यातील खेळणे आपली जडणघडण लपवते. छायाचित्रणावर त्याने १९३१ मध्ये लिहिलेला छोटा इतिहास साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. परंतु खेळण्यांची छायाचित्रे जमवणारा बेंजामिन त्या इतिहासाच्या आधीचा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. यंत्राने काढलेली प्रतिमा वस्तूचे तेज हिरावते, असे मानणाऱ्या या विचारवंताने नाहीशा होणाऱ्या हस्तकृतींचा ठेवा मात्र यंत्राच्याच हाती सोपवला. १९४० मध्ये नाझींपासून पळ काढताना स्पेनच्या सीमेवर त्याचा अंत झाला. छायाचित्रे मात्र त्याच्या कागदपत्रांत उरली आहेत.

दुसरा आदर्श चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन अभिकल्पक दांपत्याचा. १९५२ मध्ये त्यांनी ‘हाउस ऑफ कार्ड्स’ नावाचे एक खेळणे केले : चोपन्न पत्ते, प्रत्येकाला सहा खाचा, आणि पत्त्यांवर बाहुल्या, गुंड्या, दोऱ्याची रिळे, मसाल्याचे जिन्नस अशा साध्या वस्तूंची छायाचित्रे. खाचेत खाच अडकवून मूल घर बांधते. येथे खेळण्याचे छायाचित्र पुन्हा खेळणे होऊन हातात येते. १९५७ मध्ये त्यांनी ‘टोकाटा फॉर टॉय ट्रेन्स’ हा सुमारे चौदा मिनिटांचा चित्रपट केला. कॅमेरा खेळण्यातील आगगाडीच्या उंचीवर ठेवलेला, एल्मर बर्न्स्टाइन यांचे संगीत, आणि प्रारंभी थोडे निवेदन. हुबेहूब लहान प्रतिकृती वेगळी आणि खरे खेळणे वेगळे, असा भेद त्यात केला आहे. प्रतिकृती मूळ वस्तूची ऋणी असते. खेळण्यातला पत्रा पत्रा म्हणून आणि लाकूड लाकूड म्हणून निःसंकोच वावरते. शंकुकाचा घोडा भिंतीवरचा रंग असण्याची लाज बाळगत नाही, तसेच हे होय.

याच दांपत्याला भारत सरकारच्या निमंत्रणावरून व फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने आपल्या देशात येण्याचा योग आला, आणि त्यांनी १९५८ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यातील साध्या लोट्याचे विवेचन प्रसिद्ध आहे. त्या अहवालातून अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था १९६१ मध्ये उभी राहिली. १९६९ मध्ये त्यांनी ‘टॉप्स’ हा सुमारे सात मिनिटांचा चित्रपट केला. त्यात शंभराहून अधिक भोवरे आहेत. भारतातले, जपानातले, चीनमधले, युरोपातले ते भोवरे एकामागून एक दोरी गुंडाळून घेतात, सुटतात, फिरतात, डुलतात आणि पडतात. एक शब्दही नाही. चकचकीत रंगवलेल्या भोवऱ्यांच्या रांगेत कागदाला लावायची साधी टाचणीही बोटांच्या चिमटीतून सुटून फिरते. सर्व देशांतले भोवरे एकाच नियमाने फिरतात आणि एकाच नियमाने पडतात, एवढेच हा चित्रपट सांगतो. पण ते सांगताना तो भोवऱ्यांना साक्षीदार करीत नाही, नटही करीत नाही. भोवरा भोवराच राहतो.

६

छायाचित्रातील खेळणे सत्याच्या बाजूने आणखी एका अवघड ठिकाणी उभे केले गेले आहे, त्याचा उल्लेख टाळता येणार नाही. १९७७ मध्ये डेव्हिड लेव्हिन्थॉल व गॅरी ट्रूडो या दोघा अमेरिकनांचे ‘हिटलर मूव्ह्ज ईस्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९४१ मध्ये सुरू झालेल्या रशियावरील जर्मन आक्रमणाची ती जणू युद्धभूमीवरील छायाचित्रे आहेत. तपकिरी, पुसट, हात थरथरत असताना घेतल्यासारखी. प्रत्यक्षात त्यांतले सैनिक प्लास्टिकचे आहेत. जवळच्या भिंगाचा जो पुसटपणा एरवी खेळण्याचे गुपित फोडतो, तोच येथे प्लास्टिक झाकण्यास वापरला आहे, आणि वाचकाला तो बातमीतील घाईचा पुरावा वाटतो.

लाखो माणसांच्या मरणाचा असा खेळ करावा काय, हा आक्षेप येथे सहज सुचतो, आणि तो गैरलागू नाही. परंतु हे पुस्तक युद्धाविषयी जेवढे बोलते, त्याहून अधिक आपल्या युद्धविषयक चित्रांविषयी बोलते. ज्यांनी ते युद्ध पाहिले नाही, त्यांच्या मनातील युद्ध हे वृत्तचित्रांतून व खेळण्यांतील सैनिकांतूनच घडलेले असते. लेव्हिन्थॉलने ही दोन्ही उगमस्थाने एकाच चौकटीत आणली. कॉटिंग्लीच्या चित्रांशी याची तुलना केली, तर भेद स्पष्ट होतो. तेथे खेळणे लपले होते म्हणून चित्राने फसवले; येथे खेळणे असल्याचे सांगूनही चित्र खरे वाटते, आणि आपण पाहिलेल्या ‘खऱ्या’ चित्रांविषयी मनात शंका जागी होते. हा उपयोग गंभीर आहे. परंतु त्याला मर्यादा आहे. मेलेल्यांची संख्या प्लास्टिकला सांगता येत नाही.

७

या साऱ्या वाटचालीकडे मराठी वाचकाने केवळ परदेशी कुतूहल म्हणून पाहू नये. आपल्याकडील पोरखेळांचा बहुतेक भाग टिकण्यासाठी केलेलाच नसतो. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे व बाहुल्या निदान पिढ्यान्‌पिढ्या कपाटात राहतात. परंतु दिवाळीतला मातीचा किल्ला काय टिकणार? दगड, विटा, पोती, माती यांचा डोंगर, त्यावर पेरलेले अळीव वा मोहरी, सिंहासनावर शिवराय, तटावर मातीचे मावळे; आणि चार दिवसांनी सगळे अंगणाच्या मातीत मिळते. महाराष्ट्राचा इतिहास मुलांनी हाताने घडवण्याचा हा आपला वार्षिक उपक्रम, आणि त्याचे दप्तर कोठेही नाही. आज कोणाच्याही खिशातला फोन या किल्ल्यांची चित्रे काढतो. ती चित्रे जपणे, त्यांवर गाव, साल व करणाऱ्या मुलांच्या हातांची नोंद लिहिणे, हे काम ग्रंथालयांनी क्षुल्लक मानू नये. बेंजामिनने चित्रांच्या पाठीवर केलेली टिपणे हीच त्या चित्रांची खरी किंमत आहे. नाव-गाव नसलेले चित्र लवकरच केवळ शोभेचे होते.

आणि जपण्यापलीकडेही एक उपयोग आहे. अहमदाबादच्या संस्थेतील सुदर्शन खन्ना यांनी जत्रेत व रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या खेळण्यांची बांधणी अभ्यासून ती ग्रंथरूपाने मांडली. अरविंद गुप्ता यांनी होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या चळवळीत असताना सायकलच्या वाल्वट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून भूमितीच्या आकृत्या करण्याची रीत रूढ केली. पुढे पुण्याच्या आयुकातील बालविज्ञान केंद्रातून टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांची कृती क्रमाक्रमाने छायाचित्रांतून त्यांनी असंख्य मुलांपर्यंत पोचवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही छायाचित्रे पुरावा नव्हेत आणि कल्पितही नव्हेत. ‘असे धर, असे वळव, येथे टोच’ असे ती सांगतात. आजवर आपण पाहिले, ते खेळण्याला हातातून काढून डोळ्यांपुढे ठेवणारे छायाचित्र होते. हे छायाचित्र खेळणे डोळ्यांतून पुन्हा हातात ठेवते. ते पाहून झाले, की टाकून द्यावे आणि काड्या घ्याव्यात, अशीच त्याची अपेक्षा असते.

‘आगकाड्यांची मौज’ आपल्याला परत मिळणार नाही. परंतु फाळक्यांनी एकेक चौकटीला हात लावून काडीत जो जीव ओतला, त्याची जात कोणती होती, हे होशंगाबादच्या शाळेत काड्यांचा त्रिकोण जोडून तो का डगमगत नाही आणि चौकोन का डगमगतो, हे पाहणाऱ्या मुलाला ठाऊक असते. त्याला ती काडी काडी म्हणून दिसते आणि त्याच क्षणी पुलाची तुळई म्हणूनही दिसते. तो फसलेला नसतो आणि त्याला संशयही नसतो. शंकुकाला जी प्रतीती समजावून सांगण्यासाठी भिंतीवरचा घोडा लागला, ती त्या मुलाच्या हातात चार काड्यांत मावते. आणि ज्या समाजाला ही प्रतीती क्षुल्लक वाटते, त्याला पुढेमागे कागदाच्या पऱ्या खऱ्या वाटण्याचा धोका असतो.